झाकण्याआधी खरवडून बघा

जुन्या घरांची डागडुजी आणि सजावट या विषयावर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि आमच्या सल्लागारांची उत्तरं. या वेळी ओल आणि फरशी यांबद्दलचे प्रश्न जास्त होते, त्यामुळे ती उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : घर जुनं आहे, भिंती जाड विटांच्या. हॉलच्या बाहेरच्या अंगाच्या भिंतीला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरी बुकटी गळते. दोनदा खरवडून, पुट्टी भरून, वॉटरप्रूफ रंग दिला. वर्षाच्या आत पुन्हा तेच. याहून भारी रंग कोणता घ्यावा?

उत्तर : भारी रंग घेतलात तर भारी रंगाचे पापुद्रे सुटतील. ती पांढरी बुकटी म्हणजे लोणा. भिंतीत शिरलेलं पाणी विटांतले आणि मातीतले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागले की गिलाव्याला आतून ढकलतात. वॉटरप्रूफ रंगामुळे पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते, पाणी येणं काही थांबत नाही. ते रंगामागे साठतं, नाहीतर आणखी वर चढतं. दुसऱ्या खेपेला डागाची रेघ आधीपेक्षा उंच गेली असेल, तर हेच चाललंय असं समजा.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, आणि ते सगळीकडे रुळायला त्यानंतरही बरीच दशकं गेली. तोवरच्या भिंती चुन्यात रचलेल्या आणि चुन्यानेच लिंपलेल्या असत. चुना सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा, अ‍ॅक्रिलिक पुट्टी आणि प्लास्टिक पेंट असे थर चढले की हे येणं-जाणं बंद पडतं. तुमच्या भिंतीचं दुखणं बहुधा या थरांनी वाढवलेलं आहे.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. डागावर साधारण ४५ सेंटिमीटर चौरस अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा, चारी कडा टेपने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसंच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव धरलं, तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर गार होते आहे. तिथे खेळती हवा आणि पंखा हेच औषध. भिंतीकडची बाजू ओली झाली, तर पाणी भिंतीतून येतंय. मग बाहेर जाऊन बघा. बाहेरच्या जमिनीची पातळी आतल्या फरशीपेक्षा निदान १५ ते २० सेंटिमीटर खाली हवी. वर्षानुवर्षं भिंतीलगत माती, फरसबंदी, फुलांचे वाफे यांची भर पडत जाते आणि जमीन केव्हा वर आली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पावसाच्या पाण्याचे पाइप आणि त्यांचे सांधे तपासा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. तासाभराने तो पुढे सरकला असेल तर गळती नळाच्या लाइनमध्ये आहे. ‘जमिनीतून चढणारी ओल’ असं निदान करून भिंतीला भोकं पाडून रसायनं भरायचा सल्ला फार सहज दिला जातो. साध्या गळतीवर तो खर्च होऊ देऊ नका.

उगम बंद झाल्यावर गिलावा काढा. डागाच्या रेघेवर आणखी ३० ते ५० सेंटिमीटरपर्यंत, कारण क्षार दिसतात त्याहून वर गेलेले असतात. उघड्या विटा कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि खाली पडलेली बुकटी लगेच भरून बाहेर टाका. पाण्याने धुवायचा मोह होतो. तसं केलंत तर क्षार विरघळून पुन्हा विटेत जातील. जाड भिंत वाळायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना, म्हणजे ३५ सेंटिमीटरची भिंत पुरती कोरडी व्हायला वर्षाच्या वर. तितकं थांबायची गरज नाही. चुन्याच्या गिलाव्यातून उरलेली ओल बाहेर पडत राहते, त्यामुळे पृष्ठभाग कोरडा दिसू लागला की काम सुरू करता येतं.

मिश्रण : एनएचएल ३.५ प्रतीचा नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्यानेही घट्ट होणारा) चुना एक भाग, धुतलेली जाडी-बारीक मिश्र वाळू अडीच भाग, मापाने. समुद्राची वाळू घेऊ नका, ती क्षार घेऊनच येते. भिंत आधी पाणी मारून भिजवा, इतकी की गिलाव्यातलं पाणी ती ओढून घेणार नाही, पण वर पाणी चकाकतही नसेल. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास. पहिला थर थोडा आवळला की त्यावर आडव्या-तिरक्या रेघा ओढा; अंगठा दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा थर. त्यानंतरचे चार-पाच दिवस महत्त्वाचे. ऊन आणि वारा अडवा, दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने हलका ओलावा द्या. चुना घाईने वाळला तर घट्ट होत नाही. हात फिरवला की वाळू सुटते आणि दोष चुन्याला दिला जातो. हवा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर हे काम पुढे ढकला.

पहिलं वर्षभर थोडा लोणा नव्या गिलाव्यावरही दिसेल. घाबरू नका, कोरड्या ब्रशने झाडत राहा. या भागावर जिप्सम प्लास्टर नको, ते ओल धरून मऊ पडतं. रंगही चुन्याचा किंवा सिलिकेटचा (ओल बाहेर जाऊ देणारा खनिज रंग) द्या.

प्रश्न : भिंतीला ढगाळ, खालीवर छटांचा चुन्याचा रंग द्यायचा आहे. सध्या प्लास्टिक पेंट आहे. त्यावरच चालेल का?

उत्तर : थेट नाही. चुन्याचा रंग भिंतीने ओढून घ्यावा लागतो. भिंतीवर पाण्याचे थेंब शिंपडा. ते ओघळले तर चुनाही धरणार नाही, काही महिन्यांत पापुद्रे निघतील. जुना रंग पूर्ण काढा, नाहीतर बारीक क्वार्ट्झ असलेला मिनरल प्रायमर देऊन त्यावर त्याच पद्धतीचा तयार मिनरल रंग वापरा. दुसरा मार्ग सोपा आहे, पण छटांची खोली पहिल्यातच येते.

घरी कालवणार असाल तर मुरलेला चुना एक भाग, पाणी सुमारे दोन भाग, कापडातून गाळून दुधाइतकं पातळ. रंगद्रव्य चुन्याचा तिखटपणा (अल्कली गुण) सोसणारंच हवं : गेरू, पिवळी माती, आयर्न ऑक्साइड. कोरड्या चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घातलंत तर चुना ते बांधून ठेवू शकत नाही आणि भिंतीला टेकलं की कपड्यांना रंग लागतो. भिंत ओलसर करून रुंद ब्रशने तिरपे, एकमेकांना छेदणारे फटके मारत चार ते पाच पातळ हात, मध्ये २४ तासांचं अंतर. ओला असताना हा रंग जवळजवळ पारदर्शक दिसतो, त्यामुळे ‘काहीच चढलं नाही’ म्हणून जाड हात मारला जातो आणि तिथेच बारीक तडे पडतात. एक भिंत एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुरी करा. मध्ये थांबलात तर वाळलेल्या कडेची रेघ शेवटच्या हातानंतरही दिसते. छटा वाळल्यावर बरीच फिकी होते, म्हणून नमुना करून दुसऱ्या दिवशीच निर्णय घ्या. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

प्रश्न : फ्लॅटच्या दोन खोल्यांत नक्षीच्या सिमेंट टाइल्स निघाल्या. त्यांवर चिकटवलेलं जुनं आवरण काढलं, पण काळा गोंद राहिलाय. फरशीवाला अ‍ॅसिड टाकून घासून देतो म्हणतो. बऱ्याच टाइल्स फुटल्या आहेत, काही पोकळ वाजतात. ठेवाव्यात की काढाव्यात?

उत्तर : ठेवा. आणि फरशीवाल्याला थांबवा, दोन कारणांसाठी.

पहिलं कारण तो काळा गोंद. जुन्या डांबरी गोंदात आणि त्यावरच्या काही जुन्या आवरणांत श्वासावाटे आत गेलं तर घातक ठरणारं तंतुमय खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नखाएवढा तुकडा पाण्याने ओला करून काढा आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत खरवडणं, घासणं, झाडणं सगळं बंद. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर ते काढणं परवानाधारकांचं काम.

दुसरं कारण अ‍ॅसिड. या टाइल्स भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट आणि संगमरवराची पूड यांचं मिश्रण ओतून, मागे साधं सिमेंट भरून त्या हायड्रॉलिक प्रेसखाली दाबलेल्या असतात. नक्षीचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. अ‍ॅसिड सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातं. पहिल्या दिवशी फरशी लख्ख दिसते, कारण वरचा कातडा गेलेला असतो. मग खडबडीत झालेल्या छिद्रांत मळ बसतो आणि महिन्याभरात ती आधीपेक्षा काळी पडते. व्हिनेगर आणि लिंबूही त्याच पंक्तीत.

गोंद निर्धोक ठरला तर जेल स्वरूपातला गोंद काढायचा द्रव जाडसर लावा, वर प्लास्टिक अंथरा, डब्यावर लिहिलेला वेळ द्या आणि प्लास्टिकच्या पात्याने सोलून काढा. धातूचं पातं नक्षीवर चरे पाडतं. तेलकट डागांसाठी खायच्या सोड्याची पाण्यात दाट लापशी करून डागावर अर्धा सेंटिमीटर थापा आणि प्लास्टिकने झाका. २४ तासांनी प्लास्टिक काढून लापशी पूर्ण वाळू द्या, ती वाळताना तेल ओढते. हट्टी डागाला दोन-तीनदा करावं लागतं. शेवटी न्यूट्रल साबण आणि पांढरा नायलॉन पॅड, पाणी कमीत कमी, आणि मळकं पाणी लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. ते फरशीवर वाळलं तर मळ परत टाइलमध्येच गेला.

चमक हवी असेल तर डायमंड पॅड ओल्या पद्धतीने (आकडा लहान तितका पॅड भरड) : ४००, मग ८००, मग १५००. याहून भरड पॅडने सुरुवात केली की नक्षीच झिजते. मोझॅकच्या टाइल्सचा वरचा थर बराच जाड असल्यामुळे त्यांना भरड दगडापासून घासतात. कारागीर तोच हिशेब इथे लावतो आणि घात होतो, म्हणून मशीन सुरू होण्याआधी पॅडवरचा आकडा स्वतः वाचा.

पोकळ वाजणारी प्रत्येक टाइल काढायची गरज नाही. पायाखाली हलते किंवा कडा उचलते तीच काढा. लाकडी दांडक्याने ठोकत जा आणि खडूने खुणा करा. सुरुवात फुटलेल्या टाइलपासून : तिच्या चारी बाजूंचा सांधा पातळ पात्याने कोरून मोकळा करा, ती मधून फोडून काढा आणि रिकाम्या जागेतून छिन्नी आडवी सारत शेजारची उचला. थेट सांध्यात छिन्नी ठोकलीत तर चांगल्या टाइलची कड गेलीच. पुन्हा बसवताना पाठ आणि खालचा थर दोन्ही साफ करा, गोंद टाइललाही लावा आणि जमिनीलाही. रबरी हातोडीने ठोकू नका, हाताने दाबून बसवा. ठोकल्यावर केसासारखे तडे जातात आणि ते दिसतात काही दिवसांनी. सांधा दीड ते दोन मिलिमीटर. सांधे भरण्याआधी टाइलला सीलरचा (छिद्रं बंद करणाऱ्या द्रवाचा) एक हात द्या, नाहीतर ग्राउटचा (सांध्यांत भरायच्या मालाचा) रंग नक्षीत उतरतो आणि निघत नाही. गडद ग्राउट तर टाळाच.

शेवटचं सीलिंग फरशी पूर्ण कोरडी झाल्यावर. रात्रभर प्लास्टिक अंथरून सकाळी खाली दव दिसलं तर अजून थांबा. आत मुरणारा सीलर पातळ हाताने दोनदा लावा आणि वर राहिलेला १०-१५ मिनिटांत पुसून घ्या, तो वाळला तर चिकट डाग राहतात. वर पापुद्रा धरणारं व्हार्निश नको.

आता फुटलेल्यांचं काय? आधी कपाटांखाली, ओट्याखाली, नंतर उभारलेल्या आडोशाच्या भिंतींखाली बघा, तिथे अस्पर्श टाइल्स सापडतात. तरी कमी पडल्या तर दोन्ही खोल्यांतल्या धड टाइल्स एका खोलीच्या मधोमध गालिच्यासारख्या बसवा आणि भोवती एकरंगी पट्टा द्या. खोली ३ बाय ३.८ मीटरची असेल आणि टाइल २० सेंटिमीटरची, तर २.४ बाय ३.२ मीटरच्या गालिच्याला १२ गुणिले १६, म्हणजे १९२ टाइल्स लागतील. चारी बाजूंना ३० सेंटिमीटरचा पट्टा उरेल. नक्षी चार टाइल्स मिळून पुरी होत असेल तर दोन्ही बाजूंच्या संख्या सम ठेवा, नाहीतर कडेला अर्धी फुलं राहतात. जुन्या खोल्या क्वचितच गुण्यात (अचूक काटकोनात) असतात. दोन्ही कर्ण मोजा, गालिचा दोरी लावून स्वतःच्या काटकोनात बसवा आणि दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पट्ट्यात जिरू द्या. ‘जुळतील अशा’ नव्या नक्षीच्या टाइल्स मध्ये घुसवण्यापेक्षा हे कितीतरी देखणं दिसतं. नवा लाल आणि झिजलेला लाल शेजारी बसले की डोळा दर वेळी तिथेच जातो.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून एकच मोठी जागा करायची आहे. भिंत साडेचार इंचीच आहे, म्हणजे भार घेत नसणार ना?

उत्तर : जाडीवरून हे ठरत नाही. जुन्या इमारतींत लाकडी तुळया वर्षानुवर्षं खाली झुकतात आणि मूळची नुसती आडोशाची भिंत हळूहळू त्यांचा भार घेऊ लागते. शिवाय वरच्या मजल्यावर कुणी काय पाडलंय, काय उभं केलंय, तेही कळायला हवं. तुळयांची दिशा, वरच्या-खालच्या मजल्यांवर त्याच रेषेत भिंत आहे का, हे बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच निर्णय द्यायचा, लेखी. टेकू लावून पोलादी तुळई घालायची ठरली तर ती दोन्ही टोकांना साधारण १५० मिलिमीटर तरी टेकली पाहिजे, तीही थेट विटांवर नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यावर. तुळई आणि वरची भिंत यांतली फट घट्ट कोरड्या मालाने ठासून भरल्यावर आणि तो माल कडक झाल्यावरच टेकू काढायचे.

आमचं मत विचाराल तर पूर्ण भिंत पाडूच नका. फोडणीचा धूर, भांड्यांचा आवाज आणि सिंकमधला पसारा हॉलमध्ये यायला नको असतो, हे बहुतेकांना नंतर उमगतं. इंजिनिअरच्या संमतीने भिंतीत आडवी खिडकी काढून पोलादी पट्ट्यांच्या चौकटीत काच बसवा. उजेड दोन्हीकडे खेळतो आणि भिंतीला टेकून कपाटही उभं राहतं.

प्रश्न : दारं-खिडक्यांवर तेलरंगाचे सहा-सात हात आहेत. खाली चांगलं लाकूड दिसतं. घासून पॉलिश करावं म्हणतो.

उत्तर : घासण्याआधी शिसं तपासा. जुन्या तेलरंगात पांढऱ्या रंगासाठी शिशाचं संयुग सर्रास वापरत. अमेरिकेत घरांसाठी असे रंग १९७८ साली बंद झाले, अनेक ठिकाणी त्याहून उशिरा. कोरडं घासलं की ती धूळ घरभर पसरते, आणि तिचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. तपासणीचा किट वापरायचा असेल तर रंगात तिरपा काप देऊन सगळे थर उघडे करा, कारण शिसं बहुधा तळच्या थरांत असतं. शंका असेल तर रंगाचे तुकडे प्रयोगशाळेत द्या.

शिसं असेल तर रसायनाने किंवा ओलं खरवडून काढा. हीट गन वापरलीच तर ५९० अंश सेल्सियसच्या बरीच खाली, आणि उघडी ज्योत अजिबात नको, त्या उष्णतेला शिशाची वाफ होते. जमिनीवर जाड प्लास्टिक, तोंडावर योग्य फिल्टरचा मास्क, आवरायला अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, आणि खोलीत मुलं किंवा गरोदर बाई नको. दारं उतरवून कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून देणारे भेटतील. रंग झटकन निघतो, पण सांध्यांतला सरस सुटतो, लाकडाचे रेशे उभे राहतात आणि आत राहिलेला कॉस्टिक महिन्यांनी नवं पॉलिश फोडून वर येतो.

सगळंच लाकूड उघडं करायलाही हवंय असं नाही. पुष्कळ जुनी दारं रंगवण्यासाठीच बनवलेली असतात. खाली वेगवेगळ्या जातींच्या फळ्या आणि लांबी (लाकडातल्या फटी भरायची पुट्टी) भरलेल्या गाठी निघतात. एका दाराच्या कोपऱ्यात वीतभर जागा उघडून बघा आणि मग ठरवा. बिजागऱ्या आणि कड्या मात्र नक्की स्वच्छ करा. काढताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधा, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

खिडकीच्या काचेभोवतीची लांबी बदलताना खाच आधी जवसाच्या तेलाने माखून घ्या. तसं केलं नाही तर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि ती तडकते. एक-दोन आठवड्यांनी लांबीवर साय धरली की रंग द्या आणि तो काचेवर २ मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे पाणी फटीत शिरत नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : मधली खोली अंधारी आहे. उजळ दिसावी म्हणून पांढराशुभ्र रंग दिला, तर आता ती करडी आणि मळकी दिसते.

उत्तर : पांढऱ्याला परत फेकायला उजेडच नाही, म्हणून तो करडा दिसतो. अशा खोलीत मध्यम गडद, उबदार रंग घ्या, म्हणजे विटकरी, मधाळ पिवळा किंवा शेवाळी, आणि दिव्यांनी भिंती उजळवा. छताच्या मधोमध एकच दिवा लावलात तर कोपरे काळे पडतात. १२ चौरस मीटरच्या खोलीत १५० लक्स (दर चौरस मीटरला १५० ल्यूमेन) उजेड हवा तर हिशेबाने १८०० ल्यूमेन. गडद भिंती आणि दिव्यांच्या शेड यांत जाणारा वाटा धरून २५०० ते ३००० ल्यूमेन चार-पाच दिव्यांत विभागा. २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे बल्ब, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा जास्त. कमी सीआरआयच्या बल्बखाली तोच विटकरी रंग मातकट दिसतो आणि लोक रंग बदलायला जातात.

रंगाचा नमुना भिंतीवर मारू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कडेने ५ सेंटिमीटर पांढरं सोडा आणि तो सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. भिंत ओबडधोबड असेल तर मॅटच. चमकदार रंगात प्रत्येक थापीचा फटका दिसतो. आरसा खिडकीच्या समोर न लावता तिच्या शेजारच्या भिंतीवर, काटकोनात लावा. समोरचा आरसा बराच उजेड पुन्हा खिडकीबाहेर पाठवतो.

प्रश्न : नवं वायरिंग करायचं आहे, पण जुना चुन्याचा गिलावा फोडायचा नाही. उघड्या पाइपांतून केलं तर वाईट दिसेल का?

उत्तर : नीट आखलं तर ते घराचं वैशिष्ट्य होतं. पाइप चौकटीच्या कडेने, छताच्या पट्टीखालून, खोलीच्या रेषांना धरून न्या. भिंतीच्या मध्यातून तिरपा कधीच नको. वळणं एकाच मापाची, क्लॅम्प समान अंतरावर, आणि सगळ्या बटनांची उंची एक. धातूचा पाइप घेतलात तर तो शेवटपर्यंत सलग अर्थ झालेला हवा. पाइपाच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग तारांनी भरू नका, त्या तापतात आणि पुढे एखादी तार बदलायची झाली तर सरकत नाहीत. रबरी किंवा कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांना नवीन तार जोडू नका. वेष्टण हातात भुगा होऊन येतं, ती लाइन पूर्ण बदला. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारं उपकरण) हवाच.

कुठे खाच मारावीच लागली तर उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत. ११५ मिलिमीटरच्या भिंतीत हे अनुक्रमे ३८ आणि १९ मिलिमीटर होतात. खाच बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढून ठेवा.

प्रश्न : लाकडी जमीन करकरते आणि फळ्यांत फटी आहेत. फटी लाकडाच्या भुश्याने भरल्या, तो सगळा निघाला.

उत्तर : फळ्या हवेतल्या दमटपणाबरोबर फुगतात आणि आकसतात, त्यामुळे कडक भराव टिकत नाही. मोठ्या फटींत त्याच जातीच्या लाकडाच्या पाचरीसारख्या पट्ट्या ठोका आणि सरस एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी बाजू मोकळी हलते. तीन मिलिमीटरच्या आतल्या फटी तशाच राहू द्या. करकर म्हणजे सैल खिळ्यावर घासणारी फळी. तुळईची जागा शोधून खिळ्याशेजारी स्क्रू मारा, पण खालून पाइप किंवा वायर जात नाही याची खात्री करून. घासायच्या आधी खिळ्यांची डोकी ३ मिलिमीटर आत बसवा, एक जरी वर राहिलं तरी मशीनचा पट्टा फाटतो. घासायचा कागद ४०, ६०, १०० अशा क्रमाने. मधली पायरी गाळली तर भरड कागदाचे ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वर ३ मिलिमीटरही लाकूड उरलं नसेल तर मशीन लावू नका, हाताने घासा.

प्रश्न : काम सुरू झालंय, पण पैसे पुरतील असं दिसत नाही. कशात काटछाट करावी? घर शोरूमसारखं एकसाची होऊ नये, हीही इच्छा आहे.

उत्तर : छप्पर, गळती, वायरिंग, नळ यांत काटछाट नको. क्रमही हाच : पाणी, मग बांधकाम, मग भिंतीच्या आतली कामं, गिलावा, फरशी, रंग. एकूण रकमेतले १५ ते २० टक्के बाजूला ठेवा, जुन्या घरात भिंत उघडली की काहीतरी निघतंच. टाइल्स १० टक्के जास्त घ्या, तिरक्या बसवणार असाल तर १५.

काटछाट करायला सर्वांत चांगली जागा म्हणजे फर्निचर. बनवून घेतलेली भिंतभर कपाटं, पीओपीची छतं, लॅमिनेटचे पॅनल यांवर पैसा जातो आणि एकसाचीपणाही त्यांच्यामुळेच येतो. छत उंच असेल तर खोटं छत टाकून ते खाली आणू नका. फार उंच वाटत असेल तर छताचाच रंग भिंतीवर ४०-५० सेंटिमीटर खाली उतरवा. प्रत्येक खोलीत एकाच जुन्या गोष्टीला मान द्या : कुठे फरशी, कुठे दार, कुठे उघडी वीट. बाकीचं तिथे शांत ठेवा. उघडी वीट तर घरात एकाच भिंतीला पुरे, आणि तीही आतल्या भिंतीला. बाहेरच्या भिंतीचा गिलावा काढलात तर पाऊस अडवणारा एक थर कमी होतो. पाडलेल्या भिंतीच्या जागी फरशीत जो पट्टा उरतो, तो जुळवायच्या फंदात न पडता वेगळ्या रंगाच्या दगडाने भरा. तो दोन्हीकडच्या फरशीच्या पातळीत बसेल तेवढं बघा, ठेच लागायला दोन मिलिमीटरही पुरतात.